अठरा दोष आणि एक खाडी

शिकवायला परदेशी निघालेल्या माणसाचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. पगार किती, व्हिसा कोण काढून देणार, करार किती वर्षांचा, मुलांच्या शाळेचं काय? हे सगळं मार्गी लागलं की खरा प्रश्न उरतो: राहायचं कुठे? मोठ्या शहरात भाडं परवडत नाही आणि कानाला उसंत नाही. लहान गावात निवांत वाटतं खरं, पण तिथे आजारी पडलो तर काय, बोलायला कोण, या धास्तीने झोप उडते.

या प्रश्नाचं अठरा कलमी उत्तर पंधराशे वर्षांपूर्वी कुणी लिहून ठेवलंय, असं सांगितलं तर?

लिहून ठेवलंय! लिहिणारा बुद्धघोष. पाचव्या शतकात भारतातून श्रीलंकेत गेलेला, म्हणजे स्वतःच परदेशी जाऊन राहिलेला पंडित. अनुराधपूरच्या मुक्कामात त्याने ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ रचला. ध्यानाची सूक्ष्म चर्चा सुरू करण्याआधी तो चक्क घर शोधणाऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि कुठे राहू नये याची यादी देतो. निर्वाणाच्या वाटेवर निघालेल्या माणसालाही आधी जागेचा प्रश्न सोडवावा लागतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यादी वाचताना आपण हसत सुटतो. फार मोठा विहार नको, कारण तिथे माणसं फार आणि प्रत्येक काम दुसऱ्यावर ढकललं जातं. अगदी नवा नको, तिथलं बांधकाम संपतच नाही. पडका नको, जन्म डागडुजीत जाईल. हमरस्त्यालगत नको, पाहुण्यांचा ओघ रात्रंदिवस. तळ्याकाठी नको, सारा गाव तिथे जमणार. फुलझाडं असली की फुलं तोडायला लोक येणार, फळझाडं असली की फळं मागायला. (आंब्याच्या दिवसांत कोकणातल्या घरी पाहुणे का वाढतात, यावर आणखी संशोधनाची गरज नाही.) आसपास शेतं असतील तर शेतकरी तुमच्याच अंगणात खळं घालतील. प्रसिद्ध जागा तर मुळीच नको, लोक तुम्हाला साधुपुरुष समजून पाया पडायला येतील आणि तुमचा दिवस संपेल.

पुढची कलमं मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. बंदराजवळ राहू नये, जहाजातून उतरणारे लोक पाणी मागत, मीठ मागत, जागा मागत गराडा घालतात. सरहद्दीवर राहू नये, दोन राजांच्या भांडणात तुम्हीच हेर ठरता. आणि शेवटचा, अठरावा दोष: जिथे चांगला मित्र, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा माणूस नाही, तिथे राहू नये.

आता ही यादी खिशात घालून आपण रायगडच्या किनाऱ्यावर येऊ. दिघीला.

श्रीवर्धन तालुक्यातलं दिघी हे राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, दक्षिण काठावर वसलेलं बंदर. समोर पाण्यात जंजिरा, पलीकडच्या काठावर राजपुरी आणि आगरदांडा. आगरदांड्याहून येणारी जंगलजेटी, म्हणजे गाड्या वाहून आणणारी फेरीबोट, धक्क्याला टेकते, पुढची लोखंडी फळी घडघडत खाली येते, आधी मोटरसायकली सुटतात, मागून गाड्या, मधल्या फटीतून डोक्यावर टोपली घेतलेली एखादी बाई ओल्या फळीवर अजिबात न घसरता उतरते. खाडीला वळसा घालून तळा-म्हसळा बाजूने यायचं तर केवढा फेरा पडतो! बोटीने ते अंतर मिनिटांत संपतं.

बुद्धघोषाच्या कसोटीवर दिघी नापास. बंदर आहे. आणि सरहद्द? सतराव्या शतकात ती इथल्या पाण्यातूनच जात होती. एका बाजूला सिद्दी, दुसऱ्या बाजूला मराठे. जंजिऱ्यापर्यंत पोचायला संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालायचा प्रयत्न केला तो १६८२ मधला. त्या काळात इथे कुणी शांतपणे पोथी वाचत बसला असता, तर दोन्हीकडच्या लोकांनी त्याला हेर म्हणून धरलं असतं.

पण थांबा. याच खाडीतून आत, पार टोकाकडे गेलात तर मांदाडजवळ कुडे लेणी लागतात. डोंगरात खोदलेली २६ लेणी, सुमारे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीची. शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या भिक्खूंची ही वसाहत. लेण्यांतले शिलालेख वाचले की दान देणाऱ्यांत इथले सत्ताधारी महाभोज भेटतात, तसाच एखादा माळी भेटतो, वैद्य भेटतो. आणि खाली पाण्याच्या काठी काय होतं? बंदर! ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात येणारं मंदगोरा म्हणजे हेच मांदाड, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे बंदराजवळ राहू नये असं ज्यांची परंपरा बजावते, तेच बंदराच्या डोक्यावर खोल्या खोदून राहिले होते. असं का? हे कोडं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी ही खाडी इथे आली कशी ते बघू.

वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीवरचं एवढं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आजच्या दिघीच्या धक्क्यावरून तेव्हा समुद्र दिसलाही नसता. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या खोल दऱ्या कापत कितीतरी पुढे जाऊन समुद्राला मिळत. मग बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि त्या दऱ्यांची तोंडं बुडाली. कोकणातल्या खाड्या म्हणजे या बुडालेल्या दऱ्या. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड. दर काही कोसांवर किनारा कापलेला.

याचा परिणाम किती दूरवर गेला, बघा. किनाऱ्याने चालत किंवा बैलगाडीने प्रवास करणं इथे जवळपास अशक्य. दर मुक्कामाला पाणी आडवं. होडीने निघालात तर मात्र प्रत्येक खाडी तुम्हाला घाटाच्या पायथ्यापर्यंत नेऊन सोडते. म्हणून हजारो वर्षं कोकणचा हमरस्ता समुद्रातून गेला आणि खाडीच्या तोंडावरची गावं त्यावरचे नाके झाली. आज आपण ज्यांना सुशेगाद, निवांत म्हणतो ती ही गावं कधीकाळी गजबजलेली होती!

आणि त्या हमरस्त्याला इंधन कोण पुरवत होतं? उन्हात तापलेली जमीन. तवा आणि पाण्याचं पातेलं एकाच वेळी चुलीवर ठेवा, तवा क्षणात भाजतो, पाणी अजून कोमटच असतं. जमीन आणि समुद्र यांचं तसंच आहे. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धावते. हे खारे वारे. रात्री उलटं होतं: जमीन भराभर निवते, समुद्र ऊब धरून ठेवतो, वारा जमिनीकडून समुद्राकडे निघतो. हे मतलई वारे. कोळी पहाटे मतलईवर शीड उभारून बाहेर पडायचा आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचा. जायला वारा फुकट, यायलाही फुकट, आणि वेळापत्रक सूर्याच्या हातात.

या वाऱ्याने परदेशी मास्तरांची घरंसुद्धा निवडली. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांचा ठाम समज होता की ताप दूषित हवेतून येतो, दलदलीतून उठणाऱ्या वाफांतून. म्हणून गोऱ्या माणसाने उंचावर, वारा खेळता असेल तिथे राहावं. समज साफ चुकीचा होता. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात रोनाल्ड रॉसला सापडला तो १८९७ मध्ये, सिकंदराबादला. पण गंमत बघा, डासाला वाऱ्यात धड उडता येत नाही. त्यामुळे कारण चुकलं तरी वाऱ्याची जागा बरोबर निघायची. बुद्धघोषाने चांगल्या जागेच्या लक्षणांत डास कमी असणं घातलं होतंच, तेही कुठलाही सिद्धांत न मांडता. चावत होते, म्हणून घातलं.

आता या किनाऱ्यावर दुरून शिकवायला आलेल्या माणसांना भेटू. पहिला अर्धा दंतकथेतला आहे. बेने इस्राएल समाज, म्हणजे रायगडच्या गावागावांत तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, आपल्या परंपरेत डेव्हिड राहाबी नावाच्या परदेशी गुरूची गोष्ट सांगतो. हे लोक ज्यू आहेत का, हे त्याला पडताळायचं होतं. त्याने काय केलं? पोथी विचारली नाही, प्रार्थना विचारली नाही. त्याने घरातल्या बायकांना मिसळीचे मासे आणून दिले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढून ठेवले. ज्यू धर्मशास्त्राला नेमके तेच मासे चालत नाहीत! हिब्रू विसरलेल्या समाजात धर्म पाटावरच्या विळीपाशी टिकून होता.

मग हा गुरू राहिला कुठे? गोष्ट त्याच्या घराविषयी फारसं बोलत नाही. त्याने तीन शिष्य तयार केले हे मात्र ती आवर्जून सांगते. त्यांची घराणी झिराटकर, शापूरकर आणि राजपूरकर. गावोगाव फिरून धर्मविधी करणारे हे काजी. राजपूरकर या आडनावाचं गाव म्हणजे दिघीसमोरची राजपुरी असावी, असं हा किनारा पाहिलेल्याला वाटल्याशिवाय राहत नाही. राहाबीचा काळ कुणी एक हजार वर्षांमागे नेतं, कुणी त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यात बसवतं. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला, तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. हस्तलिखिताने चाळीस वर्षं वाट पाहिली.

दुसरी माणसं पक्क्या तारखांची. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे लोक मुंबईला उतरले आणि त्यांनी शाळा काढायला जागा निवडली ती दिघीच्या दक्षिणेला, सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट. मुंबई सोडून बाणकोट? तेव्हाच्या नकाशाने विचार केला की कोडं सुटतं. बाणकोटचा किल्ला १७५६ पासून इंग्रजांकडे होता. त्याला त्यांनी नाव दिलं होतं फोर्ट व्हिक्टोरिया. राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा, म्हणजे किल्ल्याचं नाव राणीपेक्षा साठ-एक वर्षांनी मोठं! मुंबईहून शिडाची बोट थेट तिथे यायची. भरतीबरोबर सावित्रीतून महाडकडे जाता यायचं, तिथून घाट चढला की महाबळेश्वर. आणि तीच सावित्री महाबळेश्वरातच उगम पावते, म्हणजे प्रवासी समुद्रापासून निघून नदीच्या जन्मापर्यंत तिची सोबत करायचा.

जागा म्हणून बाणकोट उत्तम, वारा भरपूर. पण त्यांच्यातले पहिले, डोनाल्ड मिचेल, त्याच वर्षी वारले. पाऊस सुरू झाला की चार महिने बोटी बंद, वर्षाला अडीच-तीन हजार मिलीमीटर पाणी कोसळणार, कागदाला बुरशी, पुठ्ठ्याला वाळवी, आणि बोलायला आपल्या भाषेतली मोजकी माणसं. अठरावा दोष! परदेशी शिकवायला जाणाऱ्याने जागा डिसेंबरात बघू नये, जुलैत बघावी. भिक्खूंना ही गोष्ट ठाऊक होती. वर्षभर फिरणारा भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबे, एकटा नव्हे, सोबतीने.

फेब्रुवारी १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मुंबईत उतरले. ते दोघंही आधी बाणकोट आणि हर्णैला गेले, मराठी शिकायला. वर्ष संपायच्या आत ते मुंबईला परतले. मार्गारेटने तिथे मुलींच्या शाळा काढल्या, विल्सन कॉलेज तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मला या माणसांच्या धर्मप्रसाराचं कौतुक नाही, पण घर निवडण्यातलं त्यांचं शहाणपण मानावंच लागतं. शिकवायला येणारा आधी विद्यार्थी असतो. बाणकोटच्या बाजारात इंग्रजी बोलून मीठसुद्धा मिळालं नसतं, म्हणून मराठी येण्यावाचून इलाज नव्हता. शिकायला आडगाव, शिकवायला शहर. हा क्रम आजही जपानला किंवा व्हिएतनामला निघालेल्या मराठी मास्तरीणबाईंना उपयोगी पडेल.

किनारा सोडून वर गेलेलेही होते. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा बघायला आली, पण ती स्थिरावली घाटावर, कोरड्या हवेच्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला. तिथेच १८६२ मध्ये तिचा शेवट झाला. पस्तीस वर्षं परदेशात! सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे घेतले ते तिच्याकडे. जागा मानवली नसती तर हे घडलं असतं का?

मग बाणकोट, दिघी ही गावं निवांत कधी झाली? पुढे आगबोटी आल्या. बोट बंदराबाहेर नांगर टाकायची, पडावातून उतारू किनाऱ्याला यायचे, पत्रं, चाकरमानी, पेट्या, सगळं समुद्रावाटेच. मग रस्ते सुधारले. पण रस्त्याला खाडीचं तोंड ओलांडणं महाग, म्हणून मुंबई-गोवा महामार्ग नद्या जिथे अरुंद तिथून, पेण, माणगाव, महाड असा आतून गेला. बोटी बंद पडल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही आतूनच. एवढा मोठा हमरस्ता पाण्यावरून उचलून डोंगराकडे ठेवला गेला आणि खाडीमुखावरची बंदरं होती तिथेच राहिली. त्यांची शांतता निसर्गदत्त नाही. रहदारी उठून गेल्यावर ती मागे राहिली.

आता ते कोडं. बंदराजवळ राहू नये म्हणणारे बंदराजवळ का राहिले?

उत्तर देणाऱ्याची गोष्ट आणखी थक्क करते. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी घरदार सोडून बौद्ध विद्येच्या शोधात श्रीलंकेला गेले आणि १९१० मध्ये अमेरिकेत हार्वर्डला पोचले. कशासाठी? ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी! परदेशी राहण्याच्या जागेचे अठरा दोष सांगणारा ग्रंथ एक मराठी-कोंकणी माणूस परदेशात बसून ओळ न् ओळ तपासत होता. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० मध्ये निघाली, कोसंबी १९४७ मध्येच गेले होते. मधल्या काळात ते पुण्यात फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत, लेनिनग्राडलाही जाऊन आले. १९१८ च्या अमेरिकावारीत त्यांनी मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना सोबत नेलं.

हा दामोदर म्हणजे दा. ध. कोसंबी, गणितज्ञ आणि इतिहासकार. सह्याद्रीतली लेणी पायी पालथी घालून त्यांनी दाखवून दिलं की ती व्यापारी वाटांच्या कडेने आहेत. विहार आणि तांडे एकमेकांना धरून होते. व्यापारी दान देत, वाटसरू थांबत, भिक्षा मिळे. चांगल्या जागेची लक्षणं सांगताना बुद्धघोष म्हणतोच की ती गावापासून फार लांब नको, फार जवळ नको, जाण्यायेण्याची वाट असावी. कुडे लेणी बंदरात नाहीत, बंदराच्या वर आहेत. वडिलांनी यादी तपासली, मुलाने नकाशा. आणि मुलाने स्वतः काय केलं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी आणि घर पुण्याला, रोजची ये-जा डेक्कन क्वीनने.

दिघीपुरता माझा निकाल सांगतो. दिघी बंदर २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने घेतलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांत दिघी आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गात दिघी-आगरदांडा पूल धरलेला आहे. पाण्यावरून उठलेली रहदारी परत किनाऱ्याला येते आहे. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाला इथे घर हवं असेल तर त्याने ते धक्क्यापाशी घेऊ नये, एक टेकडी आत सरकून घ्यावं. आणि परदेशी निघालेल्या तुम्ही, घरमालकाला भाडं विचाराल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: पावसात किंवा बर्फात इथून बाहेर पडायची वाट कोणती, आणि गावात आपल्यासारखं शिकवणारं दुसरं कोण राहतं.